भरलं कुठं, जळलं कुठं

२०१२ च्या एप्रिलमध्ये गोव्यात पेट्रोल लिटरमागे सुमारे ११ रुपयांनी उतरलं. मनोहर पर्रीकरांचं नवं सरकार नुकतंच आलं होतं आणि त्यांनी पेट्रोलवरचा मूल्यवर्धित कर जवळजवळ काढूनच टाकला होता. सावंतवाडी, बांदा, दोडामार्गकडची माणसं कामाला म्हापशा-पणजीला जात ती येताना टाकी फुल्ल करून येऊ लागली, आणि काम नसलेलेही पत्रादेवीपर्यंत एक चक्कर मारू लागले. आता हा व्यवहार तक्त्यात मांडून बघा. सीमेपलीकडे भरलेलं प्रत्येक लिटर सिंधुदुर्गाच्या खात्यातून वजा झालं आणि गोव्याच्या खात्यात जमा झालं. गाडी तीच होती, रस्ता तोच होता, सावंतवाडीतला शिक्षक रोज शाळेला जायचा ते अंतरही इंचभर बदललं नव्हतं. तक्ता वाचणाऱ्याला मात्र वाटणार, की गोवेकर एकाएकी फार फिरायला लागले आणि सिंधुदुर्गवाले घरी बसले.

अशा तक्त्यांमागे मी बरीच वर्षं घालवली. पण त्यातला पेच मला पहिल्यांदा उलगडून दाखवला तो माझ्या मामाने, आणि तोही तक्त्याशिवाय.

मामाची दहा टायरी गाडी होती. कोल्हापूरहून साखर, भाजीपाला, कधी पशुखाद्य घेऊन आंबा घाटाने रत्नागिरीकडे उतरायचं आणि येताना जांभ्याचा चिरा भरून वर यायचं, हा त्याचा वर्षानुवर्षांचा धंदा. खताच्या दुकानातून दिवाळीला मिळालेल्या लाल डायरीत तो रोजचा हिशेब लिहायचा: तारीख, मीटरचा आकडा, लिटर, रुपये, आणि शेवटी एक अरुंद रकाना. त्यात ‘रिकामी’, ‘पाऊस’, ‘घाटात ३ तास’ असे एकदोन शब्द असायचे. कॉलेजात असताना मी त्या डायरीतून अ‍ॅव्हरेज काढायला बसलो, तर डिझेल भरल्याच्या बहुतेक नोंदी कोगनोळीच्या. कोगनोळी कर्नाटकात, कागल ओलांडलं की लगेच. तेव्हा तिथं डिझेल आपल्यापेक्षा स्वस्त होतं. मी विचारलं, “मामा, डिझेल सगळं कर्नाटकात, आणि गाडी तर तिकडं कधी जात नाही?”

“आरं, भरलं तिथंच जळतंय व्हय? भरायचं कोगनोळीत, जाळायचं आंबा घाटात.”

या पुस्तकाचा विषय एवढाच आहे. देशातल्या एका भागात रस्त्यावरची वाहतूक जास्त इंधन पिते आणि दुसऱ्या भागात कमी, हे आपण आकड्यांत वाचतो आणि त्यावरून प्रगत-मागास, उधळे-काटकसरी अशी लेबलं लावून मोकळे होतो. माझं म्हणणं आहे की त्या आकड्याला आधी तीन गोष्टी विचारल्या पाहिजेत. तेल भरलं कुठं, जळलं कुठं आणि जळलं कुणासाठी. पहिल्या प्रश्नाचं उत्तर सरकारी कागदात असतं, दुसऱ्याचं रस्त्यावर. तिसऱ्याचं उत्तर सहसा कुणी लिहून ठेवत नाही, आणि मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो हाच प्रश्न.

मराठीत ‘खप’ हा शब्द विक्रीलाही चालतो आणि वापरालाही. वर्तमानपत्राचा खप म्हणजे किती अंक विकले गेले, आणि घरात तेलाचा खप म्हणजे महिन्याला किती तेल संपलं. एरवी ही सोय आहे. इंधनाच्या बाबतीत नेमका इथेच घोळ होतो. केंद्रीय पेट्रोलियम मंत्रालयाचा पेट्रोलियम नियोजन व विश्लेषण कक्ष दर महिन्याला खपाचे आकडे काढतो, राज्यवारही देतो. २०२३-२४ मध्ये देशात सुमारे ९ कोटी टन डिझेल आणि ३ कोटी ७० लाख टनांच्या आसपास पेट्रोल खपलं. हे आकडे मुळात विक्रीचे आहेत. तेल कंपनीकडून किती माल कुठल्या राज्यात गेला, एवढंच ते सांगतात. टाकीचं झाकण लागलं की पुढे त्या तेलाचा माग कुणी काढत नाही. म्हणूनच दमण, दादरा-नगरहवेली, पुदुच्चेरी अशा चिमुकल्या प्रदेशांची दरडोई विक्री शेजारच्या मोठ्या राज्यांच्या तुलनेत फुगलेली दिसते. तिथली माणसं दिवसरात्र गाडी चालवत नाहीत. तिथला दर उतरता असतो आणि शेजारून मोठे रस्ते जातात.

दर वेगवेगळे का, हे थोडक्यात सांगायला हवं. २०१७ च्या जुलैत वस्तू व सेवा कर आला तेव्हा पेट्रोल आणि डिझेल त्याबाहेर राहिलं. केंद्राचं उत्पादन शुल्क सगळीकडे सारखं, पण राज्यांचा कर ज्याचा त्याचा. अगदी एका राज्याच्या पोटातही फरक होता: मुंबई, ठाणे, नवी मुंबईत उर्वरित महाराष्ट्रापेक्षा जास्त दराने कर लागे. २०२४ च्या राज्य अर्थसंकल्पाने तो फरक मिटवला. नवापूरचं रेल्वे स्टेशन अर्धं महाराष्ट्रात आणि अर्धं गुजरातेत आहे, त्याचं कौतुक सगळ्यांना असतं. पण तिथल्या मोटारसायकलवाल्याला त्याहून जास्त ठाऊक असतं ते उच्छलच्या पंपावरचा दर किती उतरता आहे ते.

डिझेलच्या आकड्यात आणखी एक गुंता आहे. पेट्रोलियम नियोजन व विश्लेषण कक्षाने २०१३ मध्ये देशभर पाहणी करून घेतली, तेव्हा डिझेलपैकी ७० टक्के वाहतुकीत आणि १३ टक्के शेतीत जातं असं दिसलं. पेट्रोल जवळजवळ सगळं वाहतुकीचं, आणि त्यातलं ६१ टक्क्यांहून थोडं जास्त दुचाकींच्या टाकीत. या दोन ओळी मला फार कामाच्या वाटतात, कारण पेट्रोलचा आकडा मुख्यतः मोटारसायकल-स्कूटरचा आकडा आहे, हे मोटारीत बसून धोरण ठरवणाऱ्यांच्या ध्यानात राहत नाही. पण शेती आणि वाहतूक यांच्यातली रेघ कुठे मारायची? ट्रॅक्टर वावरात नांगरतो तेव्हा शेती. तोच ट्रॅक्टर दोन ट्रॉल्या ऊस ओढत डांबरी रस्त्याने वीस किलोमीटरवरच्या कारखान्याला जातो तेव्हा? कोल्हापूर, सांगली, सोलापूर, अहिल्यानगरमध्ये हिवाळाभर रात्रीच्या रस्त्यावर दुसरं काही दिसत नाही, आणि ते डिझेल कुठल्या रकान्यात पडतं हे पंपावरचा पोरगा विचारत नाही.

ब्रिटनमध्ये हाच प्रश्न उलट्या टोकाने सोडवतात. तिथलं ऊर्जा खातं २००५ पासूनच्या वर्षांसाठी रस्तेवाहतुकीच्या इंधनाचे स्थानिक पातळीवरचे अंदाज प्रसिद्ध करतं, आणि ते पंपावरच्या विक्रीवरून काढत नाही. कुठल्या रस्त्यावरून कुठल्या प्रकारची किती वाहनं गेली, यावरून ते गणित मांडतात. म्हणजे भरलं कुठं हे सोडून जळलं कुठं हे धरतात. मामाच्या डायरीला हे न्याय देणारं आहे. पण त्यातही मेख आहेच: ज्या टीचभर भागातून मोटारवे जातो तो भाग आकड्यात मोठा खादाड ठरतो, जरी तिथल्या रहिवाशांचा त्या रस्त्याशी फक्त आवाजापुरता संबंध असला तरी. आपल्याकडे ही पद्धत लावली तर साताऱ्याच्या नावावर पुणे-बंगळूर वाहतुकीचं त्या जिल्ह्यात जळणारं सगळं डिझेल चढेल. खंबाटकी घाटात धापा टाकणाऱ्या प्रत्येक ट्रकचं बिल सातारकरांच्या नावावर फाडणं बरोबर आहे का?

घाटाचा विषय निघालाच आहे तर जरा थांबतो, कारण प्रदेशाप्रदेशातला फरक माणसांच्या सवयींवर ढकलण्याआधी जमिनीचा उंचसखलपणा बघितला पाहिजे. मामाची गाडी मालासकट २८ टनांची धरू, आणि चढ पाचशे मीटरचा. निव्वळ तेवढं ओझं तेवढ्या उंचीवर नेण्याचं काम साधारण १४ कोटी ज्यूल होतं. एक लिटर डिझेलमध्ये साडेतीन कोटी ज्यूलहून थोडी जास्त ऊर्जा असते, पण इंजिन त्यातली तिसऱ्या हिश्शाच्या आसपासच चाकापर्यंत पोचवतं, बाकी उष्णता होऊन निघून जाते. हिशेब अकरा-बारा लिटरवर येतो. सपाटीवर तेवढ्यात ही गाडी चाळीसेक किलोमीटर गेली असती. बरं, उतरताना हे परत मिळत नाही. ते ब्रेक तापवण्यात जातं, घाट उतरल्यावर येणारा जळका वास त्याचाच. बोरघाट, कसारा, कुंभार्ली, आंबा, करूळ, आंबोली. कोकण आणि देश यांच्यात ये-जा करणारा प्रत्येक टन हा कर भरतो, आणि तो कुठल्याच अर्थसंकल्पात नसतो. नांदेड-लातूरचा ट्रकवाला आणि चिपळूणचा ट्रकवाला यांच्या अ‍ॅव्हरेजची तुलना करून कोण बरा ड्रायव्हर हे ठरवणाऱ्या मालकांना मी हे गणित कागदावर मांडून दाखवलेलं आहे.

आता मुंबई. एवढं मोठं शहर, पण माणशी पेट्रोल-डिझेल बघायला जाल तर शहराच्या अवाढव्यपणाच्या मानाने आकडा कमी भरतो. कारण रोज सत्तर लाखांहून जास्त फेऱ्या लोकलने होतात आणि लोकल विजेवर धावते. रिक्षा-टॅक्सी सीएनजीवर, बेस्टच्या कितीतरी बस सीएनजीवर किंवा विजेवर, आणि सीएनजी आपल्या तक्त्यात नाही. मुंबईकराच्या या कमी खपाचं श्रेय लोकलच्या दाराशी लोंबकळणाऱ्या माणसाला आहे. शहर त्याच्या शरीराच्या जोरावर इंधन वाचवतं. आणि मुंबईचं म्हणून जे डिझेल जळतं त्यातलं बरंचसं मुंबईत जळतच नाही. उरणच्या न्हावा-शेवा बंदरात २०२४-२५ मध्ये वीस फुटी मापाने ७० लाखांहून जास्त कंटेनर हाताळले गेले. त्यांतले कित्येक ट्रेलरवर चढून पळस्पे, पनवेल, कळंबोलीच्या रांगांत उभे राहतात. इंजिन चालू, गाडी जागेवर. हे डिझेल रायगड जिल्ह्याच्या हवेत जातं, आणि माल जातो पिंपरीच्या कारखान्यात नाहीतर दिल्लीच्या गोदामात.

कुणासाठी जळलं, हा प्रश्न मला सर्वांत जास्त टोचतो तो मराठवाड्यात. दसरा-दिवाळीनंतर बीड जिल्ह्यातल्या पाटोदा, आष्टी, शिरूर कासार, धारूर, वडवणी भागातून ऊसतोड मजूर निघतात. एक कोयता म्हणजे नवरा-बायको. ट्रकच्या नाहीतर ट्रॉलीच्या हौद्यात चूल, पत्र्याची पेटी, शेळी, लेकरं आणि वर म्हातारी, असा संसार तीनशे-चारशे किलोमीटर जातो. मुकादमाने उचल दिलेली असते. ते डिझेल कुठल्याही पंपावर भरलेलं असो, जळतं ते पश्चिम महाराष्ट्राच्या साखरेसाठी आणि आता इथेनॉलसाठी. या प्रवासाची नोंद कुठेही ‘प्रवासी वाहतूक’ म्हणून होत नाही. तो मालाच्या हौद्यात झालेला असतो.

आणि उन्हाळ्यात टँकर. २०१९ च्या दुष्काळात राज्यात सहा हजारांहून जास्त पाण्याचे टँकर धावत होते. एका टँकरचा हिशेब करून बघा. दहा हजार लिटर पाणी, भरण्याची विहीर २५ किलोमीटरवर, जाऊन-येऊन ५०. लिटरला चार किलोमीटरचं अ‍ॅव्हरेज धरलं तर एका खेपेला बारा-साडेबारा लिटर डिझेल, म्हणजे हजार लिटर पाण्यामागे लिटरभराहून जास्त. जालना-बीडच्या एखाद्या वस्तीवर मे महिन्यात एका घराला दोन पिंपं पाणी मिळतं, त्यात किती डिझेल मिसळलेलं असतं ते यावरून कळेल. ज्या उन्हाळ्यात पीक नाही, बाजार ओस, लग्नं पुढे ढकललेली, त्याच उन्हाळ्यात रस्त्यावर हे डिझेल जळत असतं. डिझेलचा खप वाढला म्हणजे व्यवहार वाढला असं समजणाऱ्याने हा महिना वाचून दाखवावा. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी गेलं, ते सगळ्यांना आठवत असेल. पुढे एकेका गाडीला पन्नास वाघिणी लागल्या, एका खेपेत २५ लाख लिटर. तेवढ्याला दहा हजारांचे अडीचशे टँकर लागले असते. त्या गाडीवर टीकाही खूप झाली, पण तिने किती डिझेल वाचवलं याचा हिशेब कुणी मांडल्याचं मी वाचलं नाही. या पुस्तकात एक आख्खं प्रकरण त्यावर आहे.

परभणीचं नाव २०१८ मध्ये आणि पुन्हा २०२१ मध्ये बातम्यांत आलं, ते राज्यातलं सर्वांत महाग पेट्रोल म्हणून. लोकांना वाटलं परभणीत काहीतरी गडबड आहे. गडबड अंतराची होती. मुंबईच्या माहुलमधल्या शुद्धीकरण कारखान्यांतून तेल नळाने मनमाडजवळच्या पानेवाडीला येतं आणि तिथून टँकरने तीनशेच्या आसपास किलोमीटर परभणीला. २४ हजार लिटरचा टँकर जाऊन-येऊन दीडशे लिटर डिझेल स्वतःच पितो. नळ जिथे संपतो तिथून पुढे तेल स्वतःला खात खात प्रवास करतं. पुणे-सोलापूरची गोष्ट वेगळी, कारण मुंबईचा दुसरा नळ लोणी काळभोरवरून सोलापूरजवळच्या पाकणीपर्यंत गेलेला आहे. सात दशकांपूर्वी कारखाने कुठे बसले आणि पुढे नळ कुठल्या बाजूला वळले, याची किंमत आज परभणीचा शेतमजूर शंभराच्या नोटेवर मोजतो.

हो, नोटेवरच. गावाकडच्या पंपावर अर्धा तास उभं राहा. “शंभरचं टाक.” “पन्नासचं.” लिटरचं नाव कुणी घेत नाही. टाकी फुल्ल हा शब्द मोटारीवाल्याचा. दर वाढला की शंभरचं शंभरचंच राहतं, फक्त त्यात गाडी कमी चालते. मग आठवडी बाजार एकाआड एक होतो, माहेरची फेरी पंचमीवरून दिवाळीवर जाते. मीटरवर पेट्रोलचा आकडा घसरतो आणि आपण म्हणतो, ग्रामीण भागात खप मंदावला. मराठवाड्यातली एक बाई मला पंपावर भेटली होती. मुलाच्या मागे बसून ती प्राथमिक आरोग्य केंद्रात इंजेक्शनला निघाली होती. मुलाने सत्तरचं टाकायला सांगितलं. “सत्तरमधी जाऊन येणं होतंय,” ती म्हणाली, “तिथं थांबावं लागलं तर लेक परत यायचा न्हाई.” तिने आजार, अंतर आणि पेट्रोल यांचं जे त्रैराशिक मांडलं होतं, ते मला कुठल्याही अहवालात सापडलेलं नाही.

गडचिरोलीत पंपच दूर. आलापल्लीच्या पुढे किराणा दुकानाच्या फळीवर पाण्याच्या बाटलीत पेट्रोल दिसतं, पंपापेक्षा चढ्या दराने. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागड तुटायचं आणि बाटलीही मिळायची नाही. त्याच जिल्ह्यात सुरजागडचं लोहखनिज घेऊन ट्रक रांगेने उतरतात. जिल्ह्याच्या इंधनाच्या आकड्यात दोन्ही एकत्र आहेत: बाटलीभर पेट्रोल महागात घेणारा माडिया तरुण आणि कोट्यवधींचं खनिज. सरासरी काढली की दोघंही तिच्यात नाहीसे होतात.

विदर्भाचं आणखी पुष्कळ आहे. चंद्रपूर-वणीचा कोळसा, कोरपन्याचं सिमेंट, आणि २०२५ च्या जूनमध्ये पूर्ण झालेला ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग, ज्याने मेहकर-सिंदखेडराजाच्या जुन्या रस्त्यावर चहाला थांबणारी गाडी वरच्या वर उचलून नेली. तो मजकूर पुस्तकात सविस्तर येईल. इथेनॉलचाही: २०२५ मध्ये देशाने पेट्रोलमध्ये २० टक्के मिसळ गाठली, आणि इथेनॉलच्या लिटरमध्ये पेट्रोलच्या सुमारे दोन-तृतीयांशच ऊर्जा असते, त्यामुळे जुना आणि नवा लिटर आता बरोबरीचे राहिलेले नाहीत. दहा वर्षांपूर्वीच्या खपाशी आजच्या खपाची तुलना करताना हे धरावं लागतं.

मी हे पुस्तक आकडे मोडीत काढायला लिहिलेलं नाही. मला आकडे हवेत, आजच्यापेक्षा जास्त हवेत: जिल्हावार हवेत, महिन्यावार हवेत, टोलनाक्यावरच्या मोजणीशी जोडलेले हवेत, आणि शेती, टँकर, ऊस यांचे रकाने वेगळे हवेत. हे अशक्य नाही. मामाने एका लाल डायरीत पाच रकान्यांत ते केलं होतं, आणि त्यातला सर्वांत अरुंद रकाना सर्वांत जास्त बोलका होता. पुढच्या प्रत्येक तक्त्याला मी तसाच एक रकाना जोडला आहे. त्यात कुठे ‘घाट’ असं लिहिलेलं आढळेल, कुठे ‘सीमा’, कुठे ‘रिकामी परत’, कुठे ‘पाणी’. वाचताना आधी तो बघावा, मग लिटरचा आकडा.

पहिलं प्रकरण पानेवाडीला सुरू होतं. २०२४ च्या जानेवारीत, अपघाताच्या नव्या कायद्याविरुद्ध टँकरचालकांनी गाड्या जागेवर उभ्या केल्या आणि दोन दिवसांत राज्यभर पंपांवर रांगा लागल्या, त्या वेळचं. नेहमीच्या दिवशी पहाटे तिथे टँकर एकामागोमाग एक आत जातात, भरून बाहेर पडतात आणि मनमाडच्या फाट्यावरून पांगतात, कुणी धुळ्याकडे, कुणी नगरकडे, कुणी येवल्यावरून संभाजीनगर-जालन्याकडे. त्या दिवशी ते सगळे रस्त्याच्या कडेला ओळीने उभे होते.